एकच झिरा

फोन उचलला तेव्हा पलीकडे तिचा नवरा जितेंद्र होता, पण बोलत नव्हता. नुसती घरघर येत होती. लोखंड दगडावर घासल्याची, मध्येच दम लागल्यासारखी थांबणारी आणि पुन्हा जोराने सुरू होणारी. अस्मिताने दोनदा हॅलो म्हटलं. काउंटरपलीकडे एक म्हातारे गृहस्थ रक्ततपासणीची चिठ्ठी पुढे करून उभे होते, त्यांच्यामागे उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग होती, आणि ती रिसीव्हर कानाला लावून त्या गृहस्थांच्या तोंडाकडे पाहत राहिली. ते काहीतरी विचारत होते. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज मात्र दगडाचा येत होता. मग तिच्या ध्यानात आलं की जितेंद्रने फोन कानाला लावलेलाच नाही, मशीनच्या दिशेने धरला आहे. तीन वर्षांपूर्वी पहिल्या बोअरला पाणी लागलं तेव्हा त्याने असाच फोन धरला होता. तेव्हाही तो बोलला नव्हता. पाणी पाइपातून उसळून मातीवर पडत होतं आणि ती इथे, नागपूरच्या नंदनवनातल्या याच लॅबमध्ये, याच खुर्चीत बसून ते ऐकत होती आणि तिला हुंदका आला होता. आज पाण्याचा आवाज नव्हता. आज बोअरची गाडी नुसती दगड फोडत होती. आणि गाडी पुन्हा शेतात येणार नाही असं त्याने पोळ्याला गावाहून घरी आला तेव्हा मुलीच्या, मिनलच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं. फोन आपोआप तुटला. तिने चिठ्ठी घेतली, गृहस्थांना बसायला सांगितलं, आणि शेजारच्या मुलीला म्हणाली की माझं डोकं फार दुखून राहिलं, मी घरी चालली. ती घरी गेली नाही. पारडीच्या नाक्यापर्यंत ऑटोने गेली आणि भंडाऱ्याकडे जाणारी पहिली एसटी दिसली तिच्यात चढली.

खिडकीची काच खाली येत नव्हती. ऑक्टोबरचं ऊन मांडीवर पडलं होतं आणि तिला ते सरकवून बाजूला ठेवावंसं वाटत होतं. पहिलं बोअर दोन वर्षं चाललं. सोलरचे पत्रे दिवसभर ऊन खात आणि पाणी दिवसभर धानाच्या बांधीत पडे. बटण कोण बंद करणार, आणि कशासाठी, वीज तर फुकट होती. गावात तसे किती पत्रे आले, मोजलेच नाहीत कोणी. मग एका मार्चमध्ये पाइपाने आधी गढूळ पाणी टाकलं, मग फेस, मग हवा. त्यानंतर जितेंद्रने दुसरं बोअर पाडलं, एका पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला त्या जागी. तिथून फक्त धूळ निघाली. तिसरं नागपूरहून यंत्र घेऊन आलेल्या एकाने दाखवलेल्या ठिकाणी, तिथूनही धूळच. अस्मिताला राग आला होता, पण राग टिकत नसे, कारण रागवायला समोर माणूस हवा, आणि जितेंद्र हळूहळू समोर असूनही नसल्यासारखा झाला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मिनल बापाकडे आठ दिवस राहून आली. दुसऱ्या दिवशी पोळी खाता खाता म्हणाली, "बाबा त्या कोरड्या पाइपात गोटे टाकते अन् कान लावून बसते. मी आवाज देल्ला तरी वळून पाहत नाही." अस्मिताने तिला दुसरी पोळी वाढली. त्या रात्रीपासून तिला झोपेत खडे पडताना ऐकू येऊ लागले. टक्, मग खाली टक्, मग त्याहून खाली, आणि शेवटचा आवाज कधी यायचाच नाही.

नागपुरात तो असा नव्हता. एसी दुरुस्त करायचा, मे महिन्यात त्याला जेवायला फुरसत नसे, दुपारी दुसऱ्यांच्या गच्चीवर उन्हात उभा राहून लोकांच्या खोल्या थंड करायचा आणि घरी आला की कूलरसमोर बनियन काढून बसायचा, हसायचा. गावाचा विषय निघाला की मात्र एकच गोष्ट सांगायचा. त्याचे वडील चंपतराव आणि त्यांचे मोठे भाऊ वेगळे झाले तेव्हा शेताच्या मधोमध बांध, धुरा पडला आणि विहीर मोठ्या भावाच्या बाजूला गेली. भावाने पाणी कधी नाही म्हटलं नाही. पण त्याचं होईपर्यंत चंपतराव धुऱ्यावर बसून राहत, गुडघ्यांना हातांची मिठी घालून, आणि लहानगा जितेंद्र त्यांच्या शेजारी. कधी भावाचं अंधार पडल्यावर होई. कधी होतच नसे. कालव्याचं पाणी गावाच्या अलीकडेच संपे. चंपतराव गेले त्या वर्षी गावात सभा झाली, मंडपात खुर्च्या टाकल्या होत्या, आणि बाहेरून आलेल्या एका साहेबांनी सांगितलं की पावसाचा आता भरवसा राहिला नाही, तो येईल तेव्हा सगळा एकदम येईल आणि मग महिना महिना तोंड दाखवणार नाही. लहान शेतकऱ्याला तगायचं तर त्याच्या पायाखालचं, त्याच्या हक्काचं पाणी त्याला मिळालं पाहिजे. जितेंद्र दिवस करायला गेला होता तो ते ऐकून आला. हक्काचं, हा शब्द तो घरात फिरत फिरत म्हणत राहिला. अस्मिताला तेव्हा त्याचा चेहरा इतका आवडला की ती जा म्हणाली. आपण जा म्हणालो, असं तिला एसटीत बसल्या बसल्या आठवलं, आणि कोणी ऐकलं की काय म्हणून तिने शेजारच्या बाईकडे पाहिलं. बाई झोपली होती.

पाण्याचं तिला काय कळत होतं? ती कोष्ट्याच्या घरची. गोळीबार चौकाजवळच्या घरात बाबांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर होता. पाय खड्ड्यात सोडून ते दिवसभर विणत. पावसाळ्यात त्या खड्ड्यात खालून पाणी चढायचं. वरून गळत नसे, खालूनच, कोणी न बोलावता, भिंतीतून आणि तळातून पाझरत यायचं, आणि बाबा घोट्यापर्यंत पाण्यात पाय ठेवून मागाची पाऊडी दाबत शिव्या द्यायचे. सूत दमट होई, तुटे. सकाळी आई लोट्याने ते पाणी उपसून बादलीत भरी आणि अस्मिता ती बादली गल्लीत नेऊन ओती. दुपारपर्यंत खड्डा पुन्हा भरलेला. त्या पाण्याला एक वास होता, जुन्या नाण्यांसारखा, आणि बाबांच्या पायांना तो दिवाळीपर्यंत राहायचा. लग्नानंतर तिने हे जितेंद्रला सांगितलं तेव्हा तो उठून बसला होता. किती खाली होतं पाणी? हातभर? त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. तिला वाटलं होतं त्याला बाबांच्या पायांबद्दल काही वाटेल. आता त्या घराच्या जागी तीन मजले उभे आहेत आणि त्यांचं बोअर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतं, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं.

कन्हानच्या पुलावर एसटी थोडी थांबली. नदी एका कडेला सरकून वाहत होती आणि बाकी सगळी रेती. दूर वीज केंद्राच्या चिमण्यांतून पांढरा धूर सरळ वर जात होता. वारा अजिबात नव्हता. मौद्याला उतरून ती गावच्या ऑटोत बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धान उभं होतं, वरून पाहिलं तर हिरवं, पण ऑटो हळू झाला की बांधीतल्या भेगा दिसत, पाऊल जाईल एवढ्या. जुलैत दोन दिवसांत इतका कोसळला की रोवणी वाहून गेली, पुन्हा रोवलं, आणि आता धान गर्भात असताना, जेव्हा त्याला शेवटचं एक पाणी मिळालं नाही तर लोंबी फोल निघते, तेव्हा आभाळ घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं स्वच्छ. एक पाणी. गेल्या पंधरवड्यात जितेंद्र फोनवर दुसरं काही बोललाच नव्हता. मिनलची परीक्षा कशी झाली? हो, एक पाणी भेटलं पाहिजे.

गाडीचा आवाज फाट्यावरूनच ऐकू आला. आवाजाने जमीन हलत होती, चपलांच्या तळव्यांतून ते कळत होतं. जितेंद्रच्या शेतात जायला मोठमायच्या शेतातून वाट होती. मोठमाय म्हणजे वच्छलाबाई, चंपतरावांच्या मोठ्या भावाची विधवा, अस्मिताची चुलत सासू. मूलबाळ नाही. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी मिरची लावायची आणि मौद्याच्या बाजारात स्वतः विकायची. जितेंद्र शेतीला आला त्या पहिल्या उन्हाळ्यात, त्याचं बोअर पडेपर्यंत, तिनेच त्याला आपल्या विहिरीत मोटर टाकू दिली होती. नवऱ्याने भावाला बसवून ठेवलं ते तिला बहुतेक आवडलं नव्हतं, पण त्याबद्दल ती कधी बोलली नाही. आता ती विहिरीच्या काठावर उभी होती. पदर डोक्यावरून घसरला होता. अस्मिताची चाहूल लागूनही तिने मागे पाहिलं नाही, हाताने फक्त जवळ ये अशी खूण केली.

विहिरीचं पाणी उकळत होतं. म्हणजे तसं दिसत होतं. एका कोपऱ्यातून, गाडी होती त्या बाजूच्या दगडांतून, मोठे मोठे बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते, आणि त्यांच्याबरोबर पिठासारखा पांढुरका गाळ वर येऊन पसरत होता. धुऱ्यापलीकडे गाडीची घरघर वाढली की बुडबुडे वाढत, आवाज मंदावला की मंदावत. अस्मिताने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. गाडी दगडात हवा मारत होती आणि ती हवा इथे निघत होती. हे समजायला तिला कोणी सांगावं लागलं नाही.

"सकाळपासून असंच होऊन राहिलं," वच्छलाबाई म्हणाली. "पयले वाटलं सापगिप आहे."

तेवढ्यात पलीकडून आरोळी उठली. अस्मिताने मान वर केली तर झाडांवरून पाण्याचा खांब वर चढलेला, राखाडी, उन्हात चमकणारा, आणि त्याच्याखाली माणसं धावत होती. कोणीतरी जितेंद्रला खांद्यावर उचललं होतं. त्याचे हात वर होते. ती ज्याच्यासाठी एसटीत बसून इतक्या लांब भीत भीत आली होती, कसा दिसेल, बोलेल का, पाइपाला कान लावून बसलेला सापडेल का, तो माणूस तिथे हसत होता. तिला इथपर्यंत त्याचं हसू ऐकू आलं. तिचेही डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी तिने खाली पाहिलं तेव्हा विहिरीच्या दगडांवर ओली रेघ उमटली होती. पाणी रेघेच्या खाली होतं. ती पाहत असताना दुसरा एक दगड वर आला, शेवाळाने हिरवा, थेंब गाळणारा.

पलीकडे बोअर साफ करायला हवा मारणं चालूच होतं, पाणी नुसतं शेतात ओतलं जात होतं, आणि इकडे एकामागून एक दगड उघडे पडत होते. किती वेळ गेला अस्मिताला सांगता आलं नसतं. वच्छलाबाईने दोर हातात धरला होता, बादली न सोडता. तिच्या बोटांची पेरं दोरावर घट्ट झाली होती, बाकी चेहऱ्यावर काही नव्हतं. सांबाराचे वाफे तिच्यामागे हिरवेगार होते, सकाळीच भिजवलेले.

"मोठमाय, मी त्याहिले सांगतो," अस्मिता म्हणाली. "गाडी बंद कराले लावतो."

वच्छलाबाईने तिचा हात धरला. हात खरखरीत होता, आणि थंड.

"आज नको सांगू वं. वर्सभरानं हासून राहिला तो. आज जेवू दे त्याले."

अस्मिता तरी गेली. धुरा ओलांडताना पाय चिखलात रुतला. सगळ्या धानावर पांढरी धूळ बसली होती आणि आता त्या धुळीवर पाणी पडून पानांवरून ओघळ उतरत होते. जितेंद्र नखशिखांत राखाडी झाला होता, फक्त दात आणि डोळे दिसत होते. त्याने तिला पाहिलं, ती इथे कशी हेही विचारलं नाही, तिचा हात धरून पाण्याखाली नेला आणि तळहात उताणा करून त्यावर धार घेतली. ते पाणी बर्फासारखं होतं. त्याला एक वास होता. ती क्षणभर तशीच उभी राहिली, कारण त्याची बोटं तिच्या मनगटाभोवती होती आणि वर्षभरात त्याने तिला असं धरलं नव्हतं. ते नवरा-बायको आहेत हे दोघांनाही एकदम आठवल्यासारखं झालं. आत्ता काही बोलू नये, असं तिला फार वाटलं. तिने तो क्षण जितका लांबवता आला तितका लांबवला. मग त्याला गाडीच्या मागच्या बाजूला नेलं, जिथे आवाज थोडा कमी होता, आणि मोठमायची विहीर उतरून राहिली असं सांगितलं.

त्याचं हसू गेलं नाही. नुसतं जिथल्या तिथे थांबलं.

"मले मालूम आहे," तो म्हणाला.

गाडीच्या मिस्त्रीने काल जागा पाहतानाच सांगितलं होतं. या पट्ट्यात खाली दगडात पाण्याची वाट एकच आहे. तो एकच झिरा, तोच विहिरीला येतो. तुम्ही इथे फोडलंत तर पाणी लागेल, पण तिथलं तुमच्याकडे येईल. मिस्त्रीने दुसरी जागाही दाखवली होती, नाल्याकडची. पण तिथली खात्री तो देत नव्हता. जितेंद्रने हे सगळं तिला अगदी नीट, एसी का बिघडला ते गिऱ्हाइकाला समजावतात तसं सांगितलं. तिला वाटलं तो आता स्वतःची बाजू मांडेल, वडिलांचं, धुऱ्याचं काढेल. त्याने काढलं नाही.

"मंग काहून?" तिने विचारलं.

"माह्या धानाले एक पाणी पाहिजे." तो खाली पाहत होता. त्याच्या हनुवटीवरून चिखलाचा थेंब पडला. "मी रातभर इचार केला, अस्मिता. इचार करूनच केलं. मोठमायले आपण देऊ ना. जेवढं लागन तेवढं देऊ."

तिला त्याच्यावर ओरडता आलं असतं. तिने मनात शोधून पाहिलं, पण जे सापडलं ते वेगळंच होतं. काल रात्री नंदनवनात, फोनवर, त्याने तिला ही गोष्ट सांगितली असती आणि विचारलं असतं की काय करू, तर ती काय म्हणाली असती? खड्यांचा तो टक् टक् आवाज तिच्या कानात असताना? ती हो म्हणाली असती का? तिला उत्तर ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचा तिला इतका धाक वाटला की तिने गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर हात टेकला आणि भाजल्यावर काढला.

उन्हं कलली तशी माणसं पांगली. हवा मारणं थांबलं आणि अचानक इतकी शांतता पडली की धानातल्या किड्यांचा आवाज मोठा वाटू लागला. मिस्त्री आणि त्याची माणसं सळया उतरवू लागली. तेव्हा वच्छलाबाई आली. आंघोळ करून, लुगडं बदलून, ताटलीत हळद-कुंकू आणि नारळ घेऊन. घरात दुसरं कोणी मोठं नव्हतं, बोअरची पूजा तिनेच करायची होती. तिने पाइपाला हळदीची बोटं ओढली. अस्मिताला कुंकू लाव म्हणाली. अस्मिताने लावलं, ओल्या पाइपावरून कुंकू खाली ओघळलं आणि तिने ते तळहाताने पुसून पुन्हा लावलं. जितेंद्रने नारळ फोडला आणि वच्छलाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. ते त्याने बराच वेळ उचललं नाही. म्हातारीने त्याच्या चिखल वाळलेल्या केसांवर हात ठेवला, तसाच ठेवला, आणि समोर पाहत राहिली.

मग तिने ताटलीबरोबर आणलेली घागर पुढे केली. पाइपाभोवती साचलेल्या डबक्यात पाणी अजून दुधट होतं. उद्यापर्यंत निवळेल मोठमाय, जितेंद्र म्हणाला. ती म्हणाली, आज रांधायले पाहिजे न. तेव्हा अस्मिताने आपली ओढणी चौपदरी केली आणि घागरीच्या तोंडावर ताणून धरली, आणि जितेंद्र खाली बसून लोट्याने पाणी ओतू लागला. ओढणीवर राखाडी गाळाचा थर जमत गेला. पाणी फार हळू उतरत होतं. तिघं त्या घागरीभोवती होते आणि कोणाचीच कोणाशी नजर मिळत नव्हती.

"थोडे दिवस, मोठमाय," जितेंद्र घागरीकडे पाहतच म्हणाला. "एवढं धान निघू दे."

"निघू दे, बापा," ती म्हणाली.

घागर अस्मिताने कमरेवर घेतली. वच्छलाबाई नको म्हणत होती, तरी घेतली. ओली ओढणी तिने खांद्यावर टाकली होती आणि तिच्यातून पाणी पाठीवरून खाली झिरपत होतं. मौद्याहून शेवटची एसटी चुकेल असं तिच्या मनात आलं, मिनल शेजारणीकडे जेवेल असं आलं, आणि दोन्ही गोष्टी दुसऱ्या कोणाच्या असल्यासारख्या निघून गेल्या. धुऱ्यावरून उतरल्यावर वाट विहिरीच्या कडेने जात होती. वच्छलाबाई पुढे चालत होती, ताटली हातात, पाठ ताठ. ती काठाशी आली, दोराला हात लागू नये म्हणून थोडी आडवी झाली, आणि आत न पाहता पुढे निघून गेली. सांबाराच्या वाफ्यापाशी वाकून तिने एक सुकलेलं पान खुडलं आणि पुन्हा चालू लागली.

अस्मिता मात्र थांबली. घागर सांभाळत तिने वाकून पाहिलं. आत अंधार होता. डोळे सरावले तेव्हा खाली तळाचा खडक दिसला, त्याच्या खाचेत परातभर पाणी, आणि त्या पाण्यात एक बेडूक दगडावर चढायला पाहत होता, घसरत होता. कोपऱ्यातल्या दगडांतून, जिथून सकाळी बुडबुडे आले होते, आता काहीच येत नव्हतं.

वच्छलाबाई शेतातल्या आपल्या झोपडीच्या दाराशी पोचून थांबली होती, तिची वाट पाहत. "काय आहे वं?" तिने तिथूनच विचारलं.

"काही नाही, मोठमाय," अस्मिता म्हणाली, आणि घागर हिंदकळू न देता चालू लागली.